गैरहजर असेल ती सेक्रेटरी

आमच्या हॉस्टेलात निवडणूक होत नाही. कागदावर होते. मीटिंग असते, खुर्च्या लागतात, त्या मीच लावते, पण उभं कुणी राहत नाही. मुलींच्या कौन्सिलची सेक्रेटरी होणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, हे नव्या पोरीलासुद्धा आठवडाभरात कळतं. म्हणून दरवर्षी एकच रीत चालते. सगळ्या जणी मान वळवून इकडेतिकडे बघतात, कोण आलेली नाही ते हुडकतात, आणि जी गैरहजर तिचं नाव पुकारून टाळ्या पिटतात. नाही म्हणायला ती जागेवर नसतेच. झाली निवड, तीही बिनविरोध.

जिची ही गोष्ट, ती पोरगी अशीच सेक्रेटरी झाली. मीटिंगच्या दिवशी ती दाढ काढायला गेली होती. गाल भोपळ्यासारखा सुजलेला, तोंडात कापूस कोंबलेला, रुमाल गालाला दाबून बिचारी जिना चढत होती, तर वरून सगळी पलटण टाळ्या वाजवत खाली आली. हिने हात हलवून नको नको केलं. पोरींना वाटलं लाजते आहे. रेक्टरबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "इथे सही कर." भूल उतरत होती, ठणका सुरू झाला होता, तिला फक्त गादीवर आडवं व्हायचं होतं. केली सही. दुसऱ्या दिवशी कापूस निघाला, पण तोवर तिचं नाव पुसून गेलं होतं. ती सगळ्यांची सेक्रेटरी झाली. मीही तिला तसंच म्हणते.

मी कोण? मी इथली मावशी. झाडायचं, पुसायचं, दारं लावायची, तापाने फणफणलेल्या पोरीला डॉक्टरकडे न्यायचं, रडकीला गप्प करायचं, हे सगळं मिळून एकच हुद्दा आहे, मावशी. तोंडाची मी फटकळ. रेक्टरबाईंनाही तोंडावर बोलते, आणि त्यांना ते आवडत नाही, हेही त्या मला तोंडावर सांगतात. आमचं बरं चाललंय.

सेक्रेटरी प्रयोगशाळेचं शिकत होती. रक्त तपासायचं, काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून यंत्रातून बघायचं, असलं काहीतरी. घरी दादा आणि वहिनी. दादा वाईट नाही, वहिनी तर मुळीच वाईट नाही, पण घर दोन खोल्यांचं आणि त्यात दोन लहान मुलं. ही सुट्टीला गेली की वहिनी दारातच म्हणायची, "आलीस? बरं झालं बाई," आणि धाकटं मूल हिच्या कडेवर. ही परत निघेपर्यंत ते कडेवरच. रात्री झोपायला स्वयंपाकघरातला कोपरा, डोक्याशी गॅसची टाकी. "मावशी, मला दुसरं काही नको," ती एकदा कपडे पिळता पिळता म्हणाली होती. "नोकरी लागली की एक खोली घेणार. लहान चालेल. फक्त आतून कडी पाहिजे." मी हसले. मला वाटलं, ही कसली मागणी! पण ती मागणी अगदी मनापासून होती.

तर ती सेक्रेटरी झाली त्या वर्षी विद्यापीठातून पत्र आलं. प्रत्येक हॉस्टेलच्या मुलींनी आपल्या गरजा ठरवाव्यात, सगळ्यात आधी काय हवं, नंतर काय हवं, तसं क्रमाने कळवावं. अगं बाई, त्या दिवशी हॉलमध्ये जो बाजार भरला! वरच्या मजल्याला कपडे धुण्याचं मशीन हवं. खालच्या मजल्याला गाळलेलं पाणी. अभ्यासू मंडळींना वाचनखोली उशिरापर्यंत आणि रविवारीही उघडी हवी. खेळणाऱ्या म्हणाल्या, आमचं क्रीडासाहित्य कुलपात सडतंय, ते आधी बाहेर काढा. एकीने लांबलचक आरसा मागितला, तर दुसरी म्हणाली, "तुला आरसा कशाला, तू तर खिडकीच्या काचेतसुद्धा बघतेस!" आणि मग त्या दोघींचंच अर्धा तास चाललं. मीही मागून ओरडले, "बाथरूमच्या कड्या बसवा आधी!" माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

सेक्रेटरीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिची हीच खोड. दुसरी असती तर टेबलावर हात आपटून म्हणाली असती, पाणी पहिलं, बाकी पुढच्या वर्षी. ही म्हणाली, "सगळंच लिहू या. आणि एक कलम आपल्या बाजूचं टाकू या." हे कलम म्हणजे काय, तर तोवर वाचनखोलीची किल्ली ऑफिसच्या क्लार्ककडे असायची आणि त्याची घरी जायची घाई आमच्या पोरींच्या अभ्यासापेक्षा मोठी. खेळाची खोली कायम बंद, कारण उघडली तर वस्तू वापरल्या जातील. पोरी या सगळ्याला वैतागलेल्या. म्हणून हिने लिहिलं, यापुढे मुलींच्या सर्व सोयींच्या किल्ल्या आणि जबाबदारी मुलींच्या सेक्रेटरीकडेच राहावी, कर्मचाऱ्यांकडे नको. वाचून दाखवल्यावर हॉल दणाणून गेला. आपल्या वस्तू, आपल्या ताब्यात!

मला राग आला, खोटं का बोलू. म्हणजे मी कर्मचारी, माझ्याकडे किल्ली नको? इतकी वर्षं मी काय तुमचे टेनिसचे चेंडू खाल्ले? चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने येऊन माझ्या खोलीत बसून समजूत काढली. "मावशी, तुमच्याबद्दल नाही हो ते. त्या क्लार्कबद्दल आहे." मग मी चहा केला आणि आमचं मिटलं.

आणि काय सांगू, विद्यापीठाने सगळं मंजूर केलं! एकेक करत सगळं. आम्ही तर चाट पडलो. नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन बसवायला खर्च एकदाच होतो, पण सांभाळायला माणूस ठेवावा लागतो, आणि इथे पोरींनी आपण होऊन लिहून दिलं होतं की माणूस आमचा. वरच्यांना आणखी काय हवं होतं?

पाण्याचं मशीन आलं. चोरीला जाऊ नये म्हणून त्याला लोखंडी जाळी आणि कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. कपड्यांचं मशीन आलं. मुली एकमेकींचे ओले कपडे जमिनीवर काढून टाकायला लागल्या तेव्हा त्या खोलीलाही कुलूप लागलं, किल्ली सेक्रेटरीकडे. खेळाची खोली उघडली, किल्ली तिच्याकडे. वाचनखोली रोज उशिरापर्यंत आणि रविवारी दिवसभर उघडी ठेवायची परवानगी आली, पण अट अशी की सेक्रेटरी स्वतः तिथे हजर पाहिजे. सगळं तिच्याच कमरेला बांधलं गेलं. चालताना किल्ल्या वाजायच्या, पोरी वाजण्यावरून ओळखायच्या की ती कुठल्या मजल्यावर आहे.

मग हाकांना सुमार नाही. "सेक्रेटरी, पाणी येत नाही!" "सेक्रेटरी, मशीन गरगर करतंय पण पिळत नाही!" "सेक्रेटरी, माझी रॅकेट तुटलेली दिलीस!" ती अंघोळीला गेली की दारावर थाप. जेवायला बसली की ताटाशेजारी कुणीतरी उभी. रविवारी सगळ्या पोरी बाहेर फिरून यायच्या आणि ही वाचनखोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. "जा गं तूही कुठेतरी," मी म्हणायचे. ती म्हणायची, "जाईन की. परीक्षा झाली की." परीक्षा दिली, उत्तम पास झाली. दारात बसून बसून अभ्यास तरी झाला, असं मी म्हटलं, तर ती नुसती हसली. तो विनोद मला जमला नव्हता.

निकालानंतर लगेच तिला नोकरी लागली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. फोन आला तेव्हा ती पाण्याच्या मशीनखालचं सांडलेलं पाणी पुसत होती. फडकं हातात तसंच, आणि तिने मला असं घट्ट धरलं की माझी पाठ भिजली. महिन्याअखेर हजर व्हायचं होतं, सोबत कॉलेजचा दाखला हवा होता, मूळ प्रत. खोलीचीही चौकशी करून ठेवली तिने, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. आतून कडी असलेली.

हॉस्टेलच्या मुलींच्या दाखल्यावर रेक्टरबाईंचा शिक्का लागतो, म्हणून ती त्यांच्याकडे गेली. मी तिथेच फरशी पुसत होते.

"देते ना," रेक्टरबाई म्हणाल्या. "आधी चार्ज दे."

"कुणाला देऊ, मॅडम?"

"नव्या सेक्रेटरीला. मीटिंग घ्या, ठराव करा, नव्या मुलीची सही आणा. मग दाखला."

"मॅडम, तोपर्यंत किल्ल्या तुमच्याकडे ठेवल्या तर?"

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "माझ्याकडे कशा ठेवू? कर्मचाऱ्यांकडे नको, असं तुम्हीच लिहून दिलंय. मीही कर्मचारीच."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी फडकं पिळता पिळता म्हटलं, "मग पाच जणींना एकेक किल्ली वाटून टाका, सुंठीवाचून खोकला जाईल." रेक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही फरशी पुसा." मग सेक्रेटरीला म्हणाल्या, "पत्रात सेक्रेटरी लिहिलंय. एक नाव, एक सही. उद्या काही गेलं तर मी पाच जणींच्या मागे पळू?" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. तेच तर वाईट होतं.

मीटिंग लागली. मी खुर्च्या मांडल्या आणि कमी पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्च्या कमी पडल्या! एकही पोरगी गैरहजर नाही. जी कधी खोलीबाहेर पडत नाही तीही आली. एकीला ताप होता, ती चादर गुंडाळून मैत्रिणीच्या खांद्यावर मान टाकून बसली, पण आली. जी आत्याकडे जाणार होती तिने जाणं रद्द केलं. सगळ्यांना माहीत होतं की आज जी नसेल तिच्या गळ्यात हे घोंगडं पडणार, आणि यंदाचं घोंगडं जड होतं, कारण आमच्या सेक्रेटरीने कामं करून करून ते जड केलं होतं. तिने काहीच केलं नसतं तर कुणीही घेतलं असतं.

ती उभी राहिली. तिने सरळ सांगितलं, मला नोकरी लागली आहे, महिन्याअखेर जायचं आहे, कुणीतरी पुढे या. कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी नखं. मग मागून एक गोड आवाज आला, "पण तुझ्यासारखं कुणाला जमणार गं?" झालं! सगळ्यांना तेच हवं होतं. हो ना, तूच आहेस म्हणून सगळं चाललंय, तू नसशील तर पाणीसुद्धा मिळणार नाही. आणि पोरींनी काय करावं? एकमताने ठराव केला, तिचे आभार मानणारा, आणि पुढची व्यवस्था होईपर्यंत तिलाच ठेवणारा. टाळ्या इतक्या की तापातली पोरगीही चादरीतून हात काढून वाजवत होती. मी दारात उभी होते. मला एकेकीच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथे गरज सरत नव्हती म्हणून वैद्याला मरूही देत नव्हत्या.

त्या पोरी वाईट होत्या का? नाही हो. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच दोघींनी तिच्यासाठी केक आणला, नोकरी लागली म्हणून. केक खाता खाता म्हणाल्या, "सेक्रेटरी, वाचनखोली उघडतेस ना?"

मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. पास झालेली, शिक्षण संपलेलं, खोली सोडायची तारीख उलटलेली, तरी पोरगी हॉस्टेलात. रेक्टरबाईंनी उदारपणे राहायची परवानगी दिली. द्यायला काय जातं! हॉस्पिटलातून फोन आला, हिने हातापाया पडून थोडे दिवस मागून घेतले. ते म्हणाले, येत्या मंगळवारपर्यंत, त्यापुढे नाही, रांगेत पुष्कळ मुली आहेत. दादाचाही फोन आला. मी ऐकत होते, कारण ती माझ्याच खोलीत बसून बोलत होती. दादा प्रेमाने म्हणत होता, "नसेल जमत तर सोड ना. घरी ये. वहिनी तर रोज विचारते, कधी येणार म्हणून." तिने "बरं" म्हटलं, फोन ठेवला, आणि माझ्या खाटेवर बसून गुडघ्यांत डोकं घालून रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "मावशी, मी काय वाईट केलं हो? मी कामं केली ना फक्त?" मी उठून चहाचं आधण ठेवलं.

आता नवीबद्दल सांगायला हवं. नवी म्हणजे यंदाच आलेली एक हडकुळी पोरगी. नळाच्या पाइपला लागून असलेली ओलसर खोली तिच्या वाट्याला आली होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. मी केर काढला तरी थँक्यू म्हणायची. तिच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात चालत नाही. वडील मालट्रकवर, महिना महिना बाहेर. म्हणून ही दर रविवारी सकाळच्या गाडीने घरी जायची. आठवड्याचं धुणं धुवायची, आईला न्हाऊ घालायची, केस विंचरून द्यायची, नखं कापायची, आणि सोमवारी सकाळी परत. मी एकदा म्हटलं, "थकत नाहीस का गं?" तर म्हणाली, "आई आठवडाभर रविवारची वाट बघते ना, मावशी. मग थकवा येत नाही."

रविवारी सकाळी नवी पिशवी घेऊन गेली, मला हात करून गेली. थोड्या वेळाने मी पाण्याच्या मशीनपाशी गेले तर जाळीला कागद चिकटवलेला. आज मीटिंग, हॉलमध्ये, सगळ्यांनी यावं. खाली सेक्रेटरीची सही. डिंक अजून ओला होता.

मी तडक वाचनखोलीत गेले. ती दारातल्या खुर्चीवर बसली होती.

"मीटिंग आज ठेवलीस?"

"बाकी दिवशी हॉल मोकळा नसतो."

"हॉलचा झाडू माझ्याकडे आहे, बाई. हॉल रोज रिकामा असतो."

किल्ल्या मांडीवर होत्या, एकेक पुढे सरकवत होती. मग मान वर न करता म्हणाली, "मावशी, मला जायचंय." तेवढंच. आवाज असा होता की मी आले तशी परत फिरले आणि खुर्च्या लावायला घेतल्या. दुसरं काय करणार होते?

मीटिंगला सगळ्या आल्या. एक खुर्ची रिकामी राहिली. पोरींना समजायला वेळ लागला नाही, सगळ्या हुशार आहेत, म्हणून तर विद्यापीठात आहेत. कुणी नवीचं नाव घेतलं ते मला दिसलं नाही. पण घेतलं गेलं. टाळ्याही वाजल्या, हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला. यंदा आरशावरून कुणी भांडलं नाही.

सोमवारी सकाळी नवी गाडीतून उतरून फाटकात शिरते न शिरते तोच रेक्टरबाईंनी मला पाठवलं, तिला घेऊन या. पिशवी खांद्याला तशीच, केसांवर धूळ, घाबरी झाली. "मावशी, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "चल तर."

ऑफिसात सेक्रेटरी उभी होती. टेबलावर तिचा दाखला तयार होता, फक्त शिक्का मारायचा बाकी. रेक्टरबाईंनी नवीला सांगितलं, "तुझी सेक्रेटरी म्हणून निवड झाली आहे. एकमताने."

नवीने आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतात की काय. "मला? मला निवडलं? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

तिने तोंडावर हात ठेवला, आणि हाताआडून हसली, डोळ्यांत पाणी. "मला शाळेत कधी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं. आईला सांगितलं तर तिला खरंच वाटायचं नाही." तिचा तो चेहरा मला बघवेना. खाली मान घालून मी उगीचच टेबल पुसायला लागले.

रेक्टरबाईंनी रजिस्टर पुढे केलं, पेन दिलं, आणि शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला. नवी वाकली. मग थांबली आणि सेक्रेटरीकडे वळली.

"ताई, एक विचारू? रविवारी घरी जाता येतं ना? बाकी मी सगळं करीन. काहीही करीन. फक्त रविवार."

सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिली. ड्रॉवरमध्ये रेक्टरबाई शिक्का शोधतच होत्या. मला वाटलं, आता ही सांगणार. मला वाटलं, हिचा स्वभावच तसा आहे, ही सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि मग दाखला तसाच पडून राहणार आणि ही दादाकडे जाणार.

"येतं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी फटकळ ना? रेक्टरबाईंनाही न घाबरणारी? त्या एका नजरेपुढे मी तोंड मिटलं आणि टेबल पुसत राहिले. नवीने सही केली, सुंदर वळणदार अक्षरात, पूर्ण नाव, घाई न करता. शिक्का सापडला. त्याच दिवशी सेक्रेटरी गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली नाही, मीही तिला जवळ घेतलं नाही. गाडीत बसेपर्यंत तिने एकदाही हॉस्टेलकडे वळून बघितलं नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, याचा त्याहून जास्त आला होता.

नवीला पहिले काही दिवस फार कौतुक. किल्ल्या वाजवत जिने चढायची, उतरायची. आईला फोन करून सांगायची, पाण्याच्या मशीनची किल्ली माझ्याकडे आहे, वाचनखोलीची माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी तिने पिशवी भरून ठेवली.

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन खाली आली तर वाचनखोलीपुढे पोरी उभ्या, हातात पुस्तकं, चाचणी परीक्षा तोंडावर. "उघड ना गं, किती वेळ झाला." नवी म्हणाली, "पण आज रविवार आहे." एकीने तिला दारावरची पाटी दाखवली. रविवारी दिवसभर उघडी, सेक्रेटरीच्या उपस्थितीत. नवीने ती पाटी पुरी वाचली. दोनदा वाचली असेल. कुणाशी भांडली नाही, ती भांडणाऱ्यातली नाहीच. पिशवी माझ्या खोलीत आणून ठेवली, बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तो ऐकला, आणि कुलूप काढायला गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी होती. जेवलात का, असं विचारलं नाही, खोली कशी, काम कसं, काही सांगितलं नाही. पहिलाच प्रश्न, "मावशी, ती गेली का घरी?"

आठवडाभर मी ठरवून ठेवलं होतं की हिचा फोन आला की चांगली खरडपट्टी काढायची. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तिचा आवाज ऐकला आणि मी म्हटलं, "गेली. सकाळच्याच गाडीने गेली."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते?"

माझ्या मागून, वाचनखोलीतून, नवीने मोठ्याने हाक मारली, "मावशी! इथला पंखा कुठून लागतो हो?"

फोनवर काहीच आवाज नाही. मला वाटलं कटला. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती हळू म्हणाली, "बटण दाराच्या मागे आहे. दार पुरतं उघडलं की दिसत नाही. सांगा तिला."

मी तिला सांगितलं.